बिनगादीचा उस्ताद

जोधपूरला जाणारा माणूस मेहरानगड बघतो, निळ्या घरांचे फोटो काढतो, घंटाघराच्या बाजारात मिर्चीवडा खातो, मावा कचोरी बांधून घेतो आणि जैसलमेरची गाडी पकडतो. हे सगळं मीही यथासांग केलं. पण माझी वाकडी वाट होती ती राव राजा हणूतसिंह या माणसासाठी. १९०० साली जन्मलेला, १९८२ साली गेलेला, पोलोतला हा थोर खेळाडू. मी त्यांना कधी पाहिलं नाही. पुण्यात रेसकोर्सच्या आसपास वाढलेल्या माणसाला घोड्यांचा नाद लागतो, नादातून पुस्तकं येतात, आणि पोलोवरचं कुठलंही जुनं पुस्तक उघडलं की हे नाव भेटतंच. कधी विजेत्या संघाच्या यादीत, पण जास्त वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी आठवणीत, ‘मी त्यांच्याकडून शिकलो’ अशा सुरात. असं म्हणणाऱ्यांत महाराजे होते, फौजी अधिकारी होते, इंग्लंडचे लॉर्ड होते. स्वतः गादीवर कधीच न बसलेल्या माणसाकडे इतके गादीवाले शिकायला का जात होते, हे त्याच्या गावात जाऊन बघावंसं वाटलं.

जोधपुरात पहिली अडचण नावाचीच आली. हॉटेलवाला, रिक्षावाला, पुस्तकांचा दुकानदार, कुणालाही ‘हणूतसिंह’ म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे जनरल हणूतसिंह उभे राहत. जसोलचे, १९७१ च्या युद्धात बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचं नेतृत्व करणारे, महावीर चक्राचे मानकरी, पुढे साधनेत रमलेले. पूना हॉर्स म्हटल्यावर पुणेकर म्हणून मलाही थोडी छाती पुढे काढावी लागे. मग मी सांगे, “ते नव्हेत, पोलोवाले.” दुकानदार क्षणभर थांबला आणि म्हणाला, “म्हणजे सर प्रतापांचे हणूतसिंह! मग असं सांगा ना हुकम.” या गावात मुलाची ओळख अजून बापाच्या नावाने पटते, आणि बापाचं नाव सर प्रताप असेल तर ते योग्यच आहे.

सर प्रतापसिंह हे मारवाडचे महाराजा तख्तसिंह यांचे चिरंजीव. जन्म १८४५ चा. जोधपूरचा कारभार त्यांनी वेगवेगळ्या महाराजांच्या काळात पाहिला, मधली काही वर्षं गुजरातेतल्या इडरचे ते महाराजाही होते. पण त्यांचा जीव रमे तो खोगिरावर. १८८९ साली जोधपूरचं घोडदळ, म्हणजे सरदार रिसाला, उभं राहिलं. त्याला तयार करायला स्टुअर्ट बीट्सन नावाचा इंग्रज अधिकारी आला आणि येताना पोलो घेऊन आला. भालाफेक, डुकराची शिकार, घोड्यावरून खुंट उपटणं यांत वाढलेल्या राठोडांना हा खेळ शिकवावा लागला नाही, फक्त त्याचे नियम सांगावे लागले. काही वर्षांतच जोधपूरचा संघ हिंदुस्थानातल्या पलटणींना भारी पडू लागला. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षाच्या समारंभाला सर प्रताप लंडनला गेले तेव्हा मांडीला ढगळ आणि पोटरीला घट्ट असा त्यांचा पायजमा तिथल्या लोकांनी पाहिला. त्यानंतर तो ‘जोधपूर’ याच नावाने जगभरच्या तबेल्यांत गेला. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा सर प्रताप सत्तरीला टेकले होते, तरी हट्टाने फ्रान्सला गेले. त्यांच्याच रिसाल्याने २३ सप्टेंबर १९१८ रोजी मशीनगनच्या माऱ्यात भाले घेऊन घोडे घातले आणि हैफा शहर घेतलं. त्यात मेजर दलपतसिंह शेखावत पडले. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकात जे तीन सैनिक उभे आहेत ते जोधपूर, हैदराबाद आणि म्हैसूरच्या घोडदळांचे.

अशा बापाचा मुलगा असणं सोपं नसतं, आणि हणूतसिंहांच्या बाबतीत आणखी एक गाठ होती. मारवाडात राजघराण्यातल्या पण विवाहित राणीच्या पोटी न जन्मलेल्या मुलांना ‘राव राजा’ हा किताब देत. मान असे, जहागीर मिळे, दरबारात जागाही ठरलेली असे. गादी मात्र मिळत नसे. सर प्रतापांनी १९११ मध्ये इडर सोडलं तेव्हा तिथे बसले ते त्यांचे दत्तक पुत्र दौलतसिंह. हणूतसिंहांच्या वाट्याला काय आलं? घोडा आणि सर प्रतापांची शिस्त. किल्ल्यावरच्या संग्रहालयात पालख्या, हौदे, सोन्याची नक्षी असलेले सिंहासन, सगळं काचेत मांडलेलं आहे. ते बघत फिरताना माझ्या मनात सारखं येत होतं की या सगळ्या वस्तू वारसाहक्काने मिळतात; घोड्यावरची बैठक तेवढी कुणाला वारसाहक्काने मिळत नाही.

जसवंत थड्याच्या संगमरवरी शांततेतून मी रातानाड्याकडे गेलो. जोधपूरचा हा भाग विमानतळाच्या बाजूचा, रुंद रस्त्यांचा, फौजी वस्तीचा. रातानाडा हे नाव पोलोच्या इतिहासात शहराच्या नकाशापेक्षा मोठं आहे, कारण स्वातंत्र्यानंतर हणूतसिंहांचा जो संघ भारतातल्या स्पर्धा जिंकत राहिला त्याचं नाव ‘रातानाडा’. त्यात त्यांचे मुलगे बिजयसिंह आणि हरिसिंह खेळत. बाप आणि दोन मुलगे एका संघात, आणि बाप पन्नाशी ओलांडलेला. संस्थानं विलीन झाली, पागा विकल्या गेल्या, तरी घरातल्या घरात संघ उभा करणारा हा माणूस होता.

डिसेंबर हा जोधपूरच्या पोलोचा महिना. सकाळी मी मैदानाच्या कडेला पोचलो तेव्हा सामना नव्हता, घोड्यांची फेरी चालू होती. एक सईस एका घोड्यावर बसलेला, आणि डाव्या-उजव्या हाताला दोरीने धरलेले आणखी दोन घोडे. अशा चार-पाच ओळी वाळूच्या रस्त्यावरून दुडक्या चालीने निघाल्या होत्या. पोलोचा घोडा बघायला थोडा चमत्कारिक दिसतो. त्याची आयाळ पार भादरलेली असते, म्हणजे लगामात आणि काठीत केस अडकत नाहीत. सामन्याच्या दिवशी शेपूट वेणी घालून, दुमडून, पट्टीने घट्ट बांधतात, कारण मागे वळवून मारलेला फटका शेपटात अडकला तर संपलंच. पायांना गुडघ्याखाली लोकरी पट्ट्या. खरारा केलेलं अंग असं चकाकत होतं की त्यात मैदानाच्या कुंपणाची सावली दिसावी. फेरी संपल्यावर एका सईसाने घोडीचे चारही खूर एकेक करून उचलले, आकड्याने माती काढली, नालेवर बोट फिरवून खिळे चाचपले, आणि मग तळहात तिच्या पोटरीवरून खाली घोट्यापर्यंत सावकाश नेला. मी विचारलं, काय बघतोस? म्हणाला, “गरमी. सूज दिसायच्या आधी गरमी लागते हाताला.” चंदीची बादली त्यानंतर.

जुने लोक सांगतात की हणूतसिंहांची खरी कर्तबगारी इथे, तबेल्यात होती. ते उत्तम खेळाडू होते, त्याहून उत्तम घोडे घडवणारे होते. पोलोत घोडा म्हणजे खेळाचा मोठा भाग. ताशी पन्नास-साठ किलोमीटरच्या वेगाने धावताना जागच्या जागी थांबणं, मागच्या पायांवर बसून उलट फिरणं, दुसऱ्या घोड्याच्या खांद्याला खांदा भिडवताना न बुजणं, डोळ्यांजवळून काठी फिरली तरी मान न झटकणं, हे सगळं घोड्याला शिकवावं लागतं. त्यात महिने नव्हे, वर्षं जातात. पैसे असलेला माणूस तयार घोडा विकत घेतो. तयार करणाऱ्याला मात्र घोड्याबरोबर राहावं लागतं, आणि राव राजांना तेवढी सवड आणि तेवढी गरज दोन्ही होती.

जोधपूरहून जयपूरला मी रेल्वेने गेलो. मेडता रोड, डेगाणा, मकराना, फुलेरा. मेडता आलं की मीराबाई आठवते, मकराना आलं की रुळाच्या दोन्ही बाजूंना संगमरवराचे पांढरे ढीग दिसू लागतात. समोरच्या बाकावरच्या कुटुंबाने बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी पुढे केली आणि मी कुठून आलो, काय करतो, मुलं किती, हे सगळं भाकरी संपायच्या आत विचारून घेतलं. खिडकीतून खेजडीची झाडं आणि मोकळं माळरान सरकत होतं. एकेकाळी याच मार्गाने जोधपूरचं पोलो जयपूरला गेलं. त्याला निमित्त झालं एक लग्न.

जयपूरचे महाराजा सवाई मानसिंह दुसरे हे इसरद्याहून दत्तक आलेले. १९२२ मध्ये अगदी लहान वयात गादीवर बसले. १९२४ मध्ये त्यांचं लग्न जोधपूरच्या राजकन्येशी झालं. त्याच्या आधी दोन वर्षं, फेब्रुवारी १९२२ मध्ये, प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या भेटीनिमित्त दिल्लीत मोठी पोलो स्पर्धा झाली होती. अंतिम सामना जोधपूर आणि पतियाळा यांच्यात. तो जोधपूरने जिंकला तेव्हा संघात एकविशीतले हणूतसिंह होते आणि बघायला म्हातारे सर प्रताप. त्याच वर्षी सप्टेंबरात सर प्रताप गेले. म्हणजे लग्नाच्या वेळी जोधपूर ही पोलोची पंढरी होती, आणि जयपूरच्या पोरसवदा महाराजांना या खेळाने झपाटलं होतं. जोधपूरच्या खेळाडूंच्या हाताखाली ते तयार झाले. पुढे त्यांनी जो संघ बांधला त्यात स्वतः मानसिंह, पृथीसिंह, अभयसिंह आणि हणूतसिंह असे चौघे.

या संघाने १९३३ मध्ये इंग्लंड गाजवलं. हर्लिंगहॅम, रॅनेला, रोहॅम्प्टन ही तेव्हा लंडनच्या पोलोची मोठी मैदानं. त्या हंगामातल्या सगळ्या मोठ्या खुल्या स्पर्धा जयपूरने जिंकल्या. वर्तमानपत्रांत फोटो छापले गेले ते देखण्या, विशीतल्या महाराजांचे. ते साहजिक होतं. पण हणूतसिंह तेव्हा तेहेतीस वर्षांचे, ऐन भरातले, नऊ गोल हँडिकॅपचे खेळाडू होते. पोलोत खेळाडूची प्रत गोलांत मोजतात, उणे दोनपासून दहापर्यंत. याचा अर्थ तो सामन्यात तेवढे गोल करतो असा नाही. संघाला त्याची किंमत तेवढी. नऊपर्यंत पोचलेले खेळाडू भारतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके झाले. मानसिंहही पुढे नऊपर्यंत पोचले.

पोलोचा एक धागा आपल्याही घरात येतो. कूचबिहारच्या महाराणी इंदिराराजे म्हणजे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची लेक. १९३१ मध्ये जयपूरचे महाराज पोलो खेळायला कलकत्त्याला आले ते त्यांच्या घरी उतरले. त्यांची बारा वर्षांची मुलगी त्या सामन्यांना जाऊ लागली. तीच पुढे, १९४० मध्ये, जयपूरची महाराणी गायत्रीदेवी झाली. मराठी आईची ही मुलगी आयुष्यभर पोलोच्या मैदानाच्या कडेला बसून खेळ बघत राहिली.

जयपुरात मी रामबागला गेलो. मानसिंहांचा हा राजवाडा आता हॉटेल आहे. त्यांनीच १९५७ च्या सुमारास तो हॉटेल करून टाकला आणि बाकीच्या संस्थानिकांनी नाकं मुरडली. आतल्या पोलो बारमध्ये चषक आहेत, फोटो आहेत, पण चहाची किंमत ऐकल्यावर मी फोटो उभ्यानेच बघितले. बाहेर पडून शेजारच्या पोलोच्या मैदानावर आलो. तिथे मला खरा माणूस भेटला.

एकसष्टाव्या घोडदळातले निवृत्त दफेदार. खटाव तालुक्यातले. माझ्या फोनवरचं मराठी ऐकून स्वतःहून पुढे आले. “पाव्हणं, कुठलं तुम्ही?” एकसष्टावं घोडदळ ही आपल्या फौजेतली अजूनही घोड्यांवर असलेली पलटण. संस्थानांची घोडदळं एकत्र करून १९५३ मध्ये ती उभी राहिली. त्यात जोधपूर-जयपूरच्या राजपुतांबरोबर ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे लान्सर्स आले, आणि म्हणूनच आजही या पलटणीत राजपूत, कायमखानी आणि मराठे असे तिघे जण शेजारी शेजारी घोडे धरतात. दफेदार विसाव्या वर्षी साताऱ्याहून जयपूरला आले, आयुष्य पलटणीच्या पागेत गेलं, आता एका खासगी तबेल्यात पोरांना बसायला शिकवतात. बायकोने जयपुरात भाकरी ज्वारीचीच ठेवली आहे, असं त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं.

मी हणूतसिंहांचं नाव काढलं. “आम्ही न्हाई पाहिलं त्यांना,” ते म्हणाले. “पण आमच्या उस्तादांनी पाहिलं. आमाला शिव्या बसायच्या त्या त्यांच्या नावानं. ‘राव राजा असते तर तुला घोड्यावरनं उतरवलं असतं.’ ” मग मला घेऊन ते तबेल्यामागे गेले. तिथे चौफेर जाळी लावलेला एक खड्डा होता, चारी बाजूंनी आत उतरत्या फळ्या, आणि मधोमध लाकडी घोडा. त्याच्यावर जीन, रिकीब, सगळं खरं. सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा काठी घेऊन बसला होता. चेंडू मारायचा, तो जाळीला लागून उतारावरून पुन्हा घोड्याच्या पायाशी यायचा, पुन्हा मारायचा. पोलोची काठी बांबू किंवा वेताची, लांबी पन्नास-एक इंच, खाली लाकडाचं आडवं डोकं. मारायचं ते डोक्याच्या टोकाने नाही, त्याच्या बाजूने. आणि काठी उजव्याच हातात धरायची, डावखुऱ्यालाही तीच सक्ती, नाहीतर समोरासमोर धडक ठरलेली.

मुलगा ताकदीने मारत होता. दफेदारांनी त्याचा खांदा धरला. “हातानं मारू नको. कमरेतनं फीर, मान खाली, चेंडू गेल्यावर वर बघ.” पुढचा फटका हळू आला आणि दुप्पट लांब गेला. दफेदार माझ्याकडे वळून म्हणाले, “हे लाकडी घोड्यावर दोन महिने. मग खऱ्या घोड्यावर काठीशिवाय चार महिने. मग दोन्ही एकत्र. आजकाल पोरास्नी पैल्याच दिवशी मॅच पाहिजे.”

दुपारी सामना होता. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा पोलो मला नीट दिसलं. मैदान तीनशे यार्ड लांब, म्हणजे फुटबॉलच्या मैदानाहून कितीतरी मोठं. दोन्ही बाजूंना चार-चार स्वार, आठ यार्डांच्या अंतरावर गोलखांब, साडेसात मिनिटांची एकेक चक्कर. प्रत्येक चक्करीनंतर घोडा बदलायचा, कारण एवढ्या दौडीनंतर तो लगेच पुन्हा पळू शकत नाही. नवख्याची नजर चेंडूवर असते. दफेदार म्हणाले, “चेंडू बघू नका. रेघ बघा.” चेंडू ज्या दिशेने जातो ती त्याची अदृश्य रेघ, आणि त्या रेघेवर धावणाऱ्याचा तिच्यावर हक्क. दुसऱ्याने ती आडवी कापली की फाऊल. आपण काय करू शकतो? त्याच्या शेजारी जाऊन, घोड्याचा खांदा त्याच्या घोड्याला लावून, त्याला रेघेवरून ढकलत बाहेर न्यायचं. किंवा त्याच्या काठीला आपली काठी अडकवायची. सगळ्या खेळाचा जीव या एका नियमात आहे. आठ माणसांत ही रेघ सगळ्यांच्या आधी ज्याला दिसते तो सामना चालवतो.

एका क्षणी लाल जर्सीतला खेळाडू चेंडूमागे एकटा सुसाट निघाला. लोक ओरडायला लागले. दफेदारांनी मान हलवली. “चुकला. माणूस सोडला त्यानं.” आणि खरंच, मागच्या मोकळ्या सुटलेल्या माणसाने चेंडू उलट फिरवून गोल केला. “आधी माणूस, मग चेंडू,” दफेदार म्हणाले. “ही जुनी शिकवण. राव राजांच्या टैमाची.”

मला हणूतसिंहांची महती इथे कळली, संग्रहालयातल्या फोटोंपुढे नव्हे. ते डावपेचांचे खेळाडू होते, कडक मास्तर होते. मैदानावर हाताखाली महाराजा असला तरी जागा सोडली तर बोलणं बसायचं. दरबारात ज्याच्यापुढे मुजरा करायचा त्यालाच मैदानावर ‘मागे रहा’ म्हणून ओरडायचं, आणि त्याने ते ऐकायचं, असा हा विलक्षण करार होता. सर प्रतापांच्या मुलाला कुणी गादी दिली नाही. साडेसात मिनिटांच्या चक्करीपुरतं राज्य मात्र त्याचं होतं.

संस्थानं गेल्यावर ते संपले असते तर कुणाला आश्चर्य वाटलं नसतं. झालं उलटंच. दुसऱ्या महायुद्धाने इंग्लंडचं पोलो मोडून टाकलं होतं. हर्लिंगहॅमवर १९३९ नंतर पुन्हा पोलो झालंच नाही. ते पुन्हा उभं केलं ससेक्समधल्या लॉर्ड काऊड्रे यांनी. युद्धात त्यांचा डावा हात गेला होता. कृत्रिम हाताच्या आकड्यात लगाम धरून ते खेळत. त्यांनी आपल्या काऊड्रे पार्कवर ज्यांना खेळायला आणि शिकवायला बोलावलं त्यांत हणूतसिंह होते. काही वर्षांपूर्वी इंग्लंडला नातेवाइकांकडे गेलो असताना मी काऊड्रे पार्क बघायला मिडहर्स्ट गावाची वाट धरली होती. गावाबाहेर १७९३ मध्ये जळून गेलेल्या जुन्या वाड्याच्या भिंती उभ्या आहेत, त्यांना लागून हिरवंगार मैदान. जहागिरीतल्या सगळ्या घरांची दारं-खिडक्या एकाच पिवळ्या रंगाने रंगवलेल्या, म्हणजे कुणाची घरं हे विचारायला नको. मध्यंतरात प्रेक्षकांनी मैदानात उतरून घोड्यांच्या खुरांनी उखडलेली हिरवळ पायाने दाबायची तिथली रीत आहे. मीही चार ढेकळं दाबली. पन्नास-साठच्या दशकात याच गवतावर मारवाडचा एक माणूस इंग्रजांना पोलो शिकवत होता. ज्या खेळाची पहिली ओळख जोधपूरला इंग्रज अधिकाऱ्याने करून दिली, तो खेळ जोधपूरच्या माणसाने पासष्ट-सत्तर वर्षांनी इंग्रजांना परत शिकवला. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण हणूतसिंहांपेक्षा चांगला मास्तर मिळत नव्हता.

आणि १९५७. फ्रान्समधल्या दोव्हिलला, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, भारताचा संघ सुवर्णचषकासाठी उतरला. मानसिंह, किशनसिंह, बिजयसिंह आणि हणूतसिंह. वय सत्तावन्न. एका संघात बाप आणि मुलगा, गुरू आणि शिष्य, महाराजा आणि राव राजा. भारताने तो चषक जिंकला आणि आपल्याकडे तो जागतिक विजेतेपद म्हणून साजरा झाला. नवं प्रजासत्ताक अवघं सात वर्षांचं होतं. त्याच्यासाठी जिंकणारे हे चौघे जुन्या जगातून आले होते. १९६४ मध्ये हणूतसिंहांना अर्जुन पुरस्कार मिळाला. ज्या वयात खेळाडूंवर स्मृतिग्रंथ निघतात त्या वयात मिळालेला हा पुरस्कार.

सवाई मानसिंह २४ जून १९७० रोजी इंग्लंडमधल्या सिरेन्सेस्टरला पोलोच्या मैदानावरच गेले. हणूतसिंह त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, आणि त्यांच्यानंतर बारा वर्षं जगले. शिष्याच्या नावाचं स्टेडियम, हॉस्पिटल, सुवर्णकलश स्पर्धा जयपुरात आहे. गुरूचं नाव जुन्या यादीत आणि उस्तादांच्या शिव्यांत.

सामना संपल्यावर दफेदार उठले आणि घोड्यांच्या रांगेकडे निघाले. एका तपकिरी घोड्याच्या मानेवर थोपटत म्हणाले, “ह्यो तुमच्या पुण्याचा. रेसमध्ये पळला न्हाई, इकडं आला. दोन वर्षं लागली, आता बघा.” घोड्याने खरंच माझ्याकडे बघितलं आणि माझ्या पिशवीत तोंड घातलं. शर्यतीत हरलेल्या घोड्यांना पोलोत दुसरं आयुष्य मिळतं, हे मला माहीत होतं. ते आयुष्य कुणीतरी दोन वर्षं खपून द्यावं लागतं, हे समोर दिसलं.

पोलो श्रीमंतांचा खेळ आहे, यात वाद नाही. एका खेळाडूला एका सामन्यासाठी चार-पाच घोडे लागतात. त्यांची चंदी, नालबंद, सईस, वाहतूक असा खर्च सामान्य माणसाच्या हिशेबात बसत नाही. म्हणून आपण त्याच्याकडे राजे-महाराजांचा थाट म्हणून बघतो आणि पुढे जातो. पण हणूतसिंहांच्या वाटेने फिरून आल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: या खेळाचा खर्च श्रीमंतांनी केला, पण तो टिकवला तो शिकवणाऱ्यांनी. राव राजांनी, उस्तादांनी, दफेदारांनी आणि पोटरीवरची गरमी तळहाताने ओळखणाऱ्या सईसांनी.

जानेवारी ते मार्चच्या दरम्यान जयपूरला गेलात तर हवामहलातला एक तास कमी करा आणि रामबागेशेजारच्या मैदानावर जा. गोल कुणी केला ते पाठीमागचा कर्णा सांगेलच. तुम्ही रेघ बघा, आणि माणूस कुणी सोडला ते बघा.